आईचे पंधराशे आणि बाबांची वही

पुणे, ५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आपण तिघंही एकदम बोलतो आणि मग कुणीतरी फोन ठेवून देतं, म्हणून लिहितेय. गेल्या रविवारी मागून बाबांचा आवाज येत होता आणि आई, तू म्हणालीस, "काही नाही गं, टीव्ही चालू आहे." टीव्हीवरचा माणूस "तुला मी काय कमी केलं?" असं विचारत नसतो.

दुपारी तू पडवीतून हळू आवाजात परत फोन केलास तेव्हा उलगडा झाला. शेजारच्या वहिनींच्या मुलीला घेऊन तू लाडकी बहीण योजनेचं, त्या महिन्याच्या पंधराशेचं, ई-केवायसी म्हणजे ऑनलाइन पडताळणी करायला बसली होतीस. तुझा आधार नंबर टाकला, ओटीपी आला. मग पोर्टलनं नवऱ्याचा आधार मागितला. तुला तो पाठ आहे, तू सांगितलास. आणि ओटीपी वाजला बाबांच्या खिशात. चौदा महिने घरात पचलेली गोष्ट सहा आकड्यांनी बाहेर काढली.

आधी आईशी बोलते. तो ओटीपी टाकला असतात, तर पुढे विचारलं असतं, की घरातलं कुणी कायम सरकारी नोकरीत नाही ना, कुणी निवृत्तिवेतन घेत नाही ना. बाबा जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. आपलं घर या योजनेत बसत नाही, पहिल्या दिवसापासून बसत नव्हतं. गेल्या वर्षी जुलैत अंगणवाडीत झुंबड उडाली होती तेव्हाच्या हमीपत्रावरही ही अट छापलेली होती. केशरी कार्ड असलं की उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलंच नाही. तू म्हणतेस, चष्मा घरी राहिला होता, मुलीनं बोट ठेवलं तिथे सही केली. मी मानते. पूर्ण नाही, पण मानते. गल्लीतल्या सगळ्या बायका रांगेत असताना आपण एकटीनंच घरी बसून मटार सोलायचे, हे कुणालाही जड जाईल.

तू काही एकटी नाहीस. २६ लाखांहून जास्त लाभार्थींचे हप्ते पडताळणीत थांबवले, असं महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरेंनी या जुलैत सांगितलं. त्यातल्या बऱ्याच जणी तुझ्यासारख्याच बिनचष्म्याच्या असतील.

आता बाबा. तुम्ही त्या दिवशी मला दोन गोष्टी ऐकवल्यात. एक, सरकार उधळपट्टी करतंय, कर्ज काढून रेवड्या वाटतंय. दोन, "मी जन्मात कुणाचं पाच पैसे देणं ठेवलं नाही, सरकारनं माझ्यासारखी वही ठेवावी." पहिल्या गोष्टीत बरंच तथ्य आहे. दुसरीवर मला थोडं भांडायचंय.

तुमची वही मला लहानपणापासून माहीत आहे. लाल पुठ्ठ्याची, पट्टीनं आखलेली, एका बाजूला जमा, एका बाजूला खर्च, आणि महिनाअखेरीला शिल्लक जुळली की खाली दोन रेघा. त्या दोन रेघांसाठी तुम्ही रात्री अकरापर्यंत चार आण्यांचा घोळ शोधत बसायचात. मी आज हिशेबाच्या नोकरीत आहे ती त्या रेघांमुळे. पण सरकारचं देणं आणि तुमची वही या दोन वेगळ्या दुनिया आहेत असं तुम्ही धरून चालता, ते खरं नाही.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुमचे १५ लाख आहेत. २०२३ च्या एप्रिलात मर्यादा १५ वरून ३० लाख झाली, व्याज ८.२ टक्के झालं, तेव्हा तुम्ही स्वतः मला फोन करून सांगितलं होतंत. दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात, वहीत जमेच्या बाजूला निळ्या शाईनं. हे पैसे पोस्टमास्तर तिजोरीत ठेवत नाही, बाबा. पोस्टातली अल्पबचत राष्ट्रीय अल्पबचत निधीत जाते आणि तिथून सरकार ती उसनी घेतं. थोडक्यात, सरकारच्या डोक्यावर जे कर्ज आहे म्हणून तुम्ही चिडता, त्यातले १५ लाख तुम्ही दिलेले आहेत. सावकार तुम्ही आहात. केंद्राच्या या वर्षीच्या अर्थसंकल्पात रुपयातले २४ पैसे उधारीतून येतात आणि २० पैसे व्याजापोटी जातात. त्या वीस पैशांचा एक कण दर तीन महिन्यांनी आपल्या घरी येतो. सरकारनं उद्यापासून कर्जच काढायचं नाही असं ठरवलं, तर सगळ्यात आधी पोस्टात जाऊन भांडाल ते तुम्हीच.

निवृत्तिवेतनाचंही तसंच. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीसाठी ३६,००० कोटी आहेत. राज्याचा निवृत्तिवेतनावरचा खर्च ७० हजार कोटींच्या वर जातो. रागावू नका, मी तुलना करत नाही. तुम्ही एकतीस वर्षं खडू झिजवलात, ते पैसे तुमच्या हक्काचे आहेत. पण दादा तुमच्याच खात्यात, तुमच्याच वर्गात शिकवतो आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागला म्हणून त्याला तुमच्यासारखी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनसाठीच्या संपात तो आठवडाभर बाहेर होता आणि तुम्ही त्याला डबा पोचवत होतात. तेव्हा तिजोरीवर किती बोजा पडेल हे तुम्ही विचारलं नव्हतंत. मीही नव्हतं. आपल्या ताटातलं ते हक्काचं आणि दुसऱ्याच्या ताटातली ती रेवडी, असं आपल्या सगळ्यांचंच होतं.

मग सगळंच माफ का? तसं नाही. तुमचाच एक नियम मला इथे लावायचाय. धाकट्या काकाच्या लग्नात वरातीसाठी कर्ज काढायला आबा निघाले होते तेव्हा तुम्ही त्यांना अडवलं होतंत. म्हणालात, विहिरीला कर्ज काढा, मी सही करतो, वरातीला नाही. सरकारच्या भाषेत वरातीच्या या कर्जाला महसुली तूट म्हणतात. रस्ता, धरण, शाळेची इमारत यासाठी काढलेलं कर्ज म्हणजे विहीर. पगार, व्याज, अनुदान असा रोजचा खर्च भागत नाही म्हणून काढलेलं कर्ज म्हणजे महसुली तूट, भाजी आणायला काढलेलं कर्ज. या वर्षी महाराष्ट्रानं ती ४५,८९१ कोटी धरली आहे. राज्यावरचं एकूण कर्ज मार्चअखेर ९.३२ लाख कोटींवर जाईल असा अंदाज आहे. हा आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण तो राज्यातल्या सगळ्यांच्या मिळून वर्षभराच्या उत्पन्नाच्या (नुसत्या सरकारच्या नव्हे) १९ टक्क्यांच्या आत आहे. माझ्या फ्लॅटचं कर्ज माझ्या वर्षाच्या पगाराच्या साडेतीन पट आहे आणि बँक मला चांगली गिऱ्हाईक समजते. महाराष्ट्र काही दिवाळखोर झालेला नाही. मला खुपते ती भाजी.

आणि घरासारखी वही सरकारनं नेहमीच ठेवावी असंही नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी सगळ्यांनी मुठी आवळल्या. तुम्हीही पेपर बंद केला होतात. तेव्हा सरकारनंही मूठ आवळली असती तर बाजारात पैसा सोडणारं कुणी उरलंच नसतं. त्या वर्षी केंद्राची वित्तीय तूट, म्हणजे उधारीनं भागवलेला खर्च, देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या ९ टक्क्यांच्या वर गेली आणि ती जायलाच हवी होती. सरकार निवृत्त होत नाही, त्याला कर लावता येतो. पण नोटा छापणं राज्य सरकारच्या हातात नाही, म्हणून राज्यानं तुमच्या वहीच्या जरा जास्त जवळ राहावं हे मला पटतं.

तुम्हाला ते व्यवसाय कराचं आठवतं? पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जायचे आणि तुम्ही दर फेब्रुवारीला कुरकुरायचात. तो कर १९७५ चा, रोजगार हमीसाठी बसवलेला. बहात्तरच्या दुष्काळात आबांनी खडी फोडली, मिलो म्हणजे ती परदेशी लाल ज्वारी खाल्ली, सुकडीच्या रांगेत तुम्ही स्वतः वाडगा घेऊन उभे होतात. तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी मांडलेली ती रोजगार हमी योजना. तिच्या कामावर ओढ्यावर बांधलेल्या पाझर तलावाला अजून पाणी लागतं आणि आपली विहीर त्याच्यावरच तगली आहे. तीही सरकारी पैशाची वाटणीच होती की. फरक एवढाच, की काम घेतलं, तलाव मागे ठेवला, आणि हे पैसे कुणाच्या पगारातून येणार ते तोंडावर सांगितलं. शहरातल्या पगारदारानं माणदेशातल्या खडी फोडणाऱ्याचे पैसे दिले आणि त्याच्या पावतीवर ती कपात दिसत होती. लाडक्या बहिणीचे पैसे कुणाच्या पावतीवर नाहीत. निवडणुकीत एकानं १५०० चे २१०० करतो म्हटलं, दुसऱ्यानं ३००० देतो म्हटलं, पण कुणाचे कापून देणार ते कुणीच बोललं नाही. आता दिसतंय. सामाजिक न्याय खात्याचा निधी वळवला म्हणून त्या खात्याचे मंत्रीच जाहीरपणे चिडले. जलजीवन या नळपाणी योजनेची बिलं थकल्यानं राज्यभर कंत्राटदार ओरडताहेत. आपल्या वस्तीवरच्या टाकीचे खांब उभे आहेत आणि वर टाकी नाही, ते तुम्ही रोज फिरायला जाताना बघता.

एवढं सगळं पटलं तरी मी आईच्या बाजूला येऊन बसणार आहे. कारण सांगते.

गेल्या वर्षी गणपतीत आईनं आमच्या चिनूच्या हातात पाचशेची नोट ठेवली. मी म्हटलं, अगं बाबांनी दिलेत की. तर म्हणाली, "ते आजोबांचे. हे माझे." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मला वाटलं, भिशी लागली असेल. आता हिशेब लागतो. चौदा हप्ते, एकवीस हजार. त्यातून एक कुकर आला, चिनूचे पाचशे गेले, वारीला निघालेल्या मावशीला हजार दिले आणि एकदा तालुक्याला जाऊन तिनं एकटीनं डोळे तपासून घेतले. बाकीचे तांदळाच्या डब्यातल्या पासबुकात जसेच्या तसे आहेत. बासष्टाव्या वर्षी तिच्या नावावर पहिल्यांदा पैसे जमा झाले, बाबा. मोबाईल वाजला की ती मेसेज उघडून बघायची आणि परत बंद करायची.

तुमच्या वहीत दूध, किराणा, औषध, खत, वर्गणी, सगळ्यांना खाना आहे. मी लहान असताना शोधलं होतं, आईचा खर्च कुठे असतो. बांगड्या, पायाची भेग बुजवायचं मलम, माहेरी जायचं तिकीट. शेवटच्या खान्यात असतो. 'किरकोळ'.

"तुला मी काय कमी केलं?" याचं उत्तर तिला त्या दिवशी देता आलं नाही, म्हणून तिच्या वतीनं दिलं. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत, हे ती शपथेवर सांगेल. पण तिला दर वेळी मागावं लागलं.

माझाही हिशेब स्वच्छ नाही, हेही याच पत्रात सांगून टाकते. २०२२ मध्ये तुम्ही ठेव मोडून मला दोन लाख दिलेत ते घराच्या रंगाला नव्हते. क्रेडिट कार्डाचे होते. दीड वर्ष मी 'किमान रक्कम' भरत राहिले आणि व्याजावर व्याज चढत गेलं. हिशेबाच्या नोकरीत असून. त्यातले सव्वा लाख परत केलेत, उरलेले मार्चपर्यंत करते. तेव्हा कर्जावर कर्ज काढणाऱ्या सरकारला शिव्या देताना मी जरा हळू आवाजात देते.

आता काय करायचं ते. ई-केवायसी पूर्ण करायचं नाही. खोटं प्रमाणित करायचं नाही आणि नुसतं गप्पही बसायचं नाही. योजनेतून नाव कमी करा असा साधा अर्ज आई स्वतःच्या हातानं लिहील, मी मजकूर पाठवते. या वर्षाच्या सुरुवातीला अनेक बायकांनी तसं केलंय, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एकवीस हजार परत कसे भरायचे ते अर्ज देतानाच विचारू. खर्च झालेले मी घालते, ते माझ्याकडून आईला उसने नाहीत.

आणि बाबा, पेन्शन जमा झाली की दुसऱ्या दिवशी तुमच्या खात्यातून आईच्या खात्यात आपोआप रक्कम जावी, अशी सूचना बँकेत लिहून द्या. रक्कम तुम्ही ठरवा, पण पंधराशेच्या खाली नको, सरकारपुढे तुमचं हसं होईल. त्याचा हिशेब विचारायचा नाही. पोस्टातल्या खात्यावर वारस म्हणून अजून आजीचं नाव असेल तर तेही याच फेरीत बदलून घ्या. आजी जाऊन सहा वर्षं झाली.

मी वसुबारसेला सकाळच्या एसटीनं निघते. चिनूला सुट्टी आहे, ती दोन दिवस आधीच येईल म्हणतेय. अनारशाचं पीठ आई तू करू नकोस, खांदा दुखतो तुझा, मी इथून घेऊन येते. आणि बाबा, नवीन वही आणून ठेवा, पण आखू नका. खाने आपण तिघं मिळून पाडू.

तुमची,
ताई

ता. क. आई, बँकेतून बोलतोय, योजनेतून बोलतोय म्हणून कुणाचाही फोन आला तरी ओटीपी सांगायचा नाही. आधी मला विचार. आणि पासबुक तांदळाच्या डब्यातून काढ, कडा पिवळ्या पडल्यात म्हणालीस ना.