पायथ्याच्या पाटीला परवाना हवा, गाळ्यांचा लिलाव नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या पांडवलेणीच्या पायथ्याशी बसणाऱ्या विक्रेत्यांविषयी कालच्या अंकात आलेले एका वाचकाचे पत्र वाचले आणि राहवले नाही म्हणून लिहीत आहे. पायथा मोकळा करून तिथे बांधीव गाळे काढावेत आणि ते लिलावाने द्यावेत, अशी त्यांची सूचना आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरांत ते परवानगीशिवाय करता येत नाही, एवढे तरी त्यांनी लिहिण्यापूर्वी पाहायला हवे होते. प्रत्यक्ष लेण्यांच्या आवारात विक्री नको, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. 1959 च्या नियमांप्रमाणे पुरातत्त्व अधिकाऱ्याच्या परवान्याशिवाय तिथे काही विकताच येत नाही आणि ते तसेच राहावे. माझे म्हणणे पायऱ्यांच्या खाली, रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांबद्दल आहे.

मी शाळेत इतिहास शिकवीत असे आणि जवळजवळ दरवर्षी मुलींना लेण्यांवर नेत असे. एकदा मार्चच्या उन्हात उतरताना सहावीतल्या एका मुलीला घेरी आली. आमच्याजवळचे पाणी वरच संपले होते. काकडी विकणाऱ्या मावशींनी पाटीवरचे ओले फडके काढून तिच्या कपाळावर ठेवले, स्वतःच्या कळशीतले पाणी पाजले आणि मग एका काकडीच्या चार फाका करून, मीठ लावून तिच्या हातात दिल्या. मी पैसे काढले तर म्हणाल्या, ‘‘लेकराचे काय घ्यायचे, बाई!’’

काही वर्षांनी याच मावशी सकाळी माझ्या दारात उभ्या होत्या. आदल्या दिवशी अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाने त्यांची पाटी, तराजू, वजने, सगळे उचलून नेले होते. वाचता येत नाही म्हणून मी बरोबर यावे, असे त्यांचे म्हणणे होते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे जप्त केलेल्या मालाची यादी विक्रेत्याच्या हातात द्यावी लागते, नाशवंत माल मागितल्याच्या दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. मावशींना यादी दिलेलीच नव्हती आणि त्यामुळे माल त्यांचाच कशावरून, असे आम्हाला त्या कार्यालयात विचारण्यात आले. तिसऱ्या हेलपाट्याला तराजू मिळाला, तोही एका पारड्याचा. मावशींनी पदराच्या गाठीतून पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाच्या वेळची पावती काढली. ती घड्यांवर फाटली होती, पण नाव वाचता येत होते. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रीची प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही, असे कायदा म्हणतो. सर्वेक्षणाच्या यादीत मावशींचे नाव आहे का, एवढेच मी विचारले. यादी दाखवता येणार नाही, हे उत्तर मिळाले.

हे उत्तर मला आजही बोचते, कारण त्याच डोंगरावर, लेणे क्रमांक 10 च्या ओसरीत, क्षत्रप राजा नहपान याचा जावई ऋषभदत्त याने केलेली ठेव दगडात कोरलेली आहे. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, 2000 कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण पाऊण टक्क्याने ठेवले. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर राहणाऱ्या, 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण मिळायचे. वर्षाचे 240, हिशेब चोख जुळतो. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून रीतीप्रमाणे फलकावर नोंदवला, असेही त्यात म्हटले आहे. जवळजवळ 1900 वर्षांपूर्वी विणकरांशी झालेला करार सर्वांसमोर मांडला जात होता, आणि आज काकडीवालीचे नाव कुठे लिहिले आहे ते तिलाच कळत नाही.

(जाता जाता, कालच्या पत्रात ही लेणी ‘पांडवांनी कोरलेली’ असे छापून आले आहे. शिलालेखांत या डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, असे आहे आणि लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. नाशिकच्या वृत्तपत्राने हे तपासून छापावे, ही कळकळीची विनंती.)

लिलाव केला तर ज्याच्याकडे पैसा तोच गाळा घेईल आणि दुसऱ्याला भाड्याने देईल. कायद्यातले विक्रीचे प्रमाणपत्र तसे भाड्याने देता येत नाही. विक्रेत्याने स्वतः किंवा घरच्या माणसांनीच बसायचे आणि उपजीविकेचे दुसरे साधन नाही असे लिहून द्यायचे असते. 50 वर्षांहून जुन्या नैसर्गिक, म्हणजे आपोआप भरत आलेल्या, बाजाराला वारसा बाजार मानून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्याच कायद्यात आहे. मावशींच्या आधी त्यांच्या सासूबाई त्याच वळणावर बोरे आणि पेरू विकत असत, तेव्हा पायथ्याचा बाजार किती जुना आहे, याची चौकशी आधी व्हावी. परवान्याला अटी जरूर घालाव्यात. प्लास्टिक नको, साली आणि कचरा ज्याचा त्याने रोज उचलावा, पायऱ्यांची वाट अडवू नये. यातली एकही अट मावशींना जड गेली नसती.

2027 च्या सिंहस्थात पायथ्याशी गर्दी वाढेल, तशा नव्या गाड्याही येतील, आणि तेव्हा कागद नसलेल्या जुन्या बायका सर्वांत आधी उठवल्या जातील. म्हणून त्याआधी परवानाधारकांची नावे, जागा आणि शुल्क मराठीत, मोठ्या अक्षरांत, पायथ्याच्या फलकावर लावावीत. मावशींच्या जागी आता त्यांची सून बसते आणि तिच्याकडेही अजून कागद नाही. त्या फलकावर तिचे नाव मला पायऱ्यांशी उभे राहून वाचायचे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
पाथर्डी फाटा, नाशिक