शंभरीचं सोडा, जमिनीवरून उठता येतं का ते बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे ते दीर्घायुष्यावरचं पान आलं होतं ना, त्यावर लिहायला बसलोय. ॲव्होकाडो खा, चिया सीड्स भिजवा, ऑलिव्ह ऑइल वापरा, पहाटे मेडिटेशन करा, आणि वर फोटो कुणाचा तर समुद्रकिनाऱ्यावर पळणाऱ्या गोऱ्या आजी-आजोबांचा. राग नाही, पेपर गेली तीसेक वर्षं घेतोय आणि सकाळी चहा आधी की पेपर आधी यावरून आमच्या घरात रोज वाद होतो. पण साहेब, आमच्या साताऱ्यात एका ॲव्होकाडोच्या पैशात दोन दिवसांची भाजी येते. आणि ज्या गोष्टीने माझी खरी फजिती झाली तिचा त्या अख्ख्या पानात उल्लेखच नव्हता, म्हणून हे पत्र.

झालं असं की फेब्रुवारीत पुतण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. हौसेनं त्यानं बुफे न ठेवता अंगणात पंगत बसवली, पाट, केळीचं पान, रांगोळी, सगळं साग्रसंगीत. मी बसलो, म्हणजे भिंतीला धरून कसाबसा टेकलो, पुरणपोळ्या तीन झाल्या, कटाची आमटी दोनदा मागितली, आणि शेवटी उठायला गेलो तर उठताच येईना. डावा हात टेकला, उजवा टेकला, एक गुडघा वर घेतला तर दुसरा पाय झोपलेला, आणि मागं दुसरी पंगत पानाची वाट बघत उभी. शेवटी दोन पोरांनी बगलेत हात घालून मला उपसून काढलं, विहिरीतून बादली काढतात तसं. मी 67 चा. माझी आई 91 ची, ती समोरच्या ओळीत बसली होती, ती माझ्या आधी उठून हात धुवून बडीशेप खात उभी होती आणि वर सगळ्यांसमोर म्हणाली, "अरे सावकाश, पडशील."

घरी आल्यावर विचार केला की मी शेवटचा जमिनीवर बसलो कधी? 34 वर्षं पोस्टाच्या काउंटरमागं खुर्चीत गेली. घरी सोफा, जेवायला डायनिंग टेबल, गुडघे कुरकुरतात म्हणून 2011 ला कमोड बसवला, देवपूजा पण उभ्यानं. बूट घालायलासुद्धा स्टूल. म्हणजे जमिनीशी माझा संबंध फक्त चपलेपुरता उरलेला.

मग पुण्याच्या मुलानं एक माहिती पाठवली ती मी नीट वाचली. ब्राझीलच्या डॉक्टरांनी एक साधी टेस्ट काढलीय. उघड्या पायांनी उभं राहायचं, कशाचाही आधार न घेता जमिनीवर बसायचं आणि तसंच उठायचं. बसण्याचे 5 मार्क, उठण्याचे 5. हात टेकला, कोपर टेकलं, गुडघा टेकला, मांडीवर हात ठेवून जोर दिला की प्रत्येक वेळी एक मार्क कट, तोल गेला तर अर्धा. 51 ते 80 वयाच्या 2002 लोकांची अशी टेस्ट घेऊन त्यांच्यावर साधारण सहा वर्षं लक्ष ठेवलं, आणि 2012 साली छापलं. ज्यांना 0 ते 3 मार्क होते त्यांच्यातलं मरणाचं प्रमाण 8 ते 10 वाल्यांपेक्षा पाचसहा पट निघालं. आता याचा अर्थ मार्क कमी म्हणजे तिरडीची ऑर्डर द्या असा नव्हे, जो आधीच आजारी आहे त्याला उठता येणार नाहीच, हे मलाही कळतं. पण पायातली ताकद, तोल, सांधे मोकळे आहेत का, वजन किती वाढलंय, हे सगळं एका उठाबशीत कळतं आणि त्याला लॅबचं पाच हजाराचं पॅकेज लागत नाही, हे मला पटलं. म्हातारपणी माणूस बाथरूममध्ये पडतो, खुब्याचं हाड जातं, अंथरूण धरतो आणि मग एकेक सुरू होतं, हे प्रत्येक घरानं बघितलेलं आहे.

मी बेडला धरून टेस्ट दिली. 3 मार्क. तेही बायकोनं दया करून दिले, ती बालवाडीत शिकवायची.

मग एक दिवस मी ठरवून आईच्या मागं लागलो, म्हणजे वही घेऊन बसलो की ही दिवसातनं कितीदा खाली बसते नि उठते. सकाळी देवापुढं, मग विळी घेऊन भाजी चिरायला, मग उठून मीठ आणायला, परत खाली, मग तांदूळ निवडायला, मग तुळशीपाशी, मग मांजराला दूध, जेवायला अर्थात खालीच, दुपारी चटईवर आडवी, संध्याकाळी वाती वळायला. रात्री साडेआठपर्यंत 23 वेळा झालं. आणि उठते कशी तर आधी एक पाय पोटाशी घेते, पाऊल सपाट रोवते, अंग पुढं झोकते, गुडघ्यावर तळहात आणि "अगं आई गं" म्हणत एका दमात वर. ते "अगं आई गं" पण टेक्निकचा भाग असावा, कारण त्याबरोबर श्वास सोडला जातो. टेस्टच्या हिशोबानं हातामुळं एखादा मार्क कट होईल. तिला मी सांगितलं की तुला 8 तरी मिळतील, तर म्हणाली, "मी काय सर्कशीत आहे का?"

आता कुणी म्हणेल जुनं ते सोनं. मी तसं म्हणत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशातलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आज 70 च्या घरात आहे. आईची आठ भावंडं, त्यातली चार लहानपणीच गेली, आणि ती सगळी जमिनीवरच बसत होती. लस, स्वच्छ पाणी आणि दवाखाना आला म्हणून माणसं जगायला लागली. आईसुद्धा साठीपर्यंत मिश्री लावायची, तोंडात पांढरा डाग दिसल्यावर डॉक्टरनं असं झापलं की त्या दिवशी डबी चुलीत गेली. तिची बीपीची गोळी चालू आहे ती एक दिवस चुकत नाही, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं सरकारी योजनेत झालीत. तेव्हा "आमची आई भाकरी खाते म्हणून टिकली" असलं व्हॉट्सॲपछाप मी लिहिणार नाही.

तरी पण सवय म्हणून काही असतंच की. महर्षी कर्वे हिंगण्याच्या माळावरनं पुण्यात कॉलेजात शिकवायला चिखल तुडवत चालत जायचे-यायचे, 1858 चा जन्म, 1962 ला गेले, 104 वर्षं. आमच्या जिल्ह्यात औंधाला तिथल्या संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, शाळेतल्या पोरांना सूर्यनमस्कार लावले होते, आणि त्याच औंधात बरीच वर्षं राहिलेले वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर 1867 ला जन्मले ते 1968 ला गेले. दोन माणसांवरनं शास्त्र सिद्ध होत नाही, पण बघा ना, एकाला कामालाच चालावं लागत होतं आणि दुसरा सूर्यनमस्कारात जमिनीला कपाळ टेकवून उठत होता. जिमची मेंबरशिप कुणाकडं नव्हती.

मुलानं मला मनगटावर बांधायचं घड्याळ पण दिलंय, ते पावलं मोजतं आणि दहा हजार झाली नाहीत की रुसतं. मी चौकशी केली हा दहा हजाराचा आकडा आला कुठनं, तर 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं त्याचं नावच होतं दहा हजार पावलांचं मीटर. म्हणजे जाहिरातीचा आकडा. अलीकडं बऱ्याच अभ्यासांची बेरीज केली तेव्हा साठीच्या पुढच्यांना सहा ते आठ हजारापर्यंतच बहुतेक फायदा मिळून जातो असं दिसलं. मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो तेवढ्यात पाच होतात, उरलेली भाजी आणि दळण यात भागतात. घड्याळ रुसलं तर रुसू दे.

मीठाचं मात्र खरंच मनावर घ्यायला पाहिजे. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा, तोही सगळं धरून. आपल्याकडं ताटात डावीकडं मिठाची चिमूट वाढायची पद्धतच आहे, त्यावर लोणचं, पापड, ठेचा, चारच्या चहाला फरसाण. आमच्याकडं आता ताटातली चिमूट बंद केलीय आणि लोणच्याची बरणी टेबलावरनं वरच्या फळीवर गेली. स्टुलावर चढून कोण काढणार, म्हणून आपोआप कमी झालं. हा शोध बायकोचा.

तर उठण्याचं. एकदम जमिनीवर बसायला लागू नका कुणी, मी तो शहाणपणा करून तीन दिवस कंबर धरून फिरलो. मग फिजिओथेरपिस्टकडं गेलो, तिनं सांगितलं आधी खुर्चीतनं हात न लावता दहा वेळा उठा. ते महिनाभर केलं. मग माळ्यावरचे जुने पाट काढले, एकावर एक तीन ठेवून त्यावर बसून रात्रीचं जेवण. पंधरा दिवसांनी दोन, मग एक. आता चटईवर बसतो, शेजारी खुर्ची असते आधाराला. ज्यांचे गुडघे बदललेत किंवा ज्यांना सांध्याचा मोठा त्रास आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हे करू नये. रात्रीचं जेवण साडेसातला आटोपतो. खाली बसून टीव्ही नीट दिसत नाही, त्यामुळं दोन घास कमीच जातात आणि गप्पा होतात. आईला कंपनी मिळाली. इतकी वर्षं ती एकटी खाली आणि आम्ही दोघं टेबलावर असं जेवत होतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, खरं सांगतो.

विनंती एवढीच की पुरवणीत ही टेस्ट चित्रासकट छापा, आणि चित्रातला माणूस आपल्यातला घ्या, लेंगा-बनियनवाला चालेल. पत्र लांबलंय, कापायला हरकत नाही, पण गुडघेवाल्यांसाठीची सूचना तेवढी कापू नका, नाहीतर कुणी माझ्यासारखं कंबर धरून फिरेल आणि तुम्हाला शिव्या देईल.

माझे मार्क सध्या साडेपाच आहेत. अर्धा मार्क तोल गेल्याचा कट झाला, त्या वेळी मांजर मध्ये आलं होतं पण बायको ऐकत नाही.

आपला,
एक जुना वाचक, सातारा