नव्या ग्रंथाविषयी मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मॉर्मन मंडळीचा धर्मग्रंथ, म्हणजे जोसेफ स्मिथने पुढे आणलेला मॉर्मन ग्रंथ, तू मन लावून वाचत आहेस आणि तो पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) बरोबरीने देवाचे वचन म्हणून स्वीकारावा की काय, या विचारापर्यंत येऊन ठेपला आहेस, हे वाचून मी दचकलो नाही. अब्राहामाशी, मोशेशी, यशयाशी बोलणारा देव पहिल्या शतकाच्या अखेरीस एकाएकी गप्प का बसेल, हा तुझा प्रश्न रास्त आहे, आणि ‘आपल्या मंडळीची शिकवण तशी आहे’ एवढ्या उत्तराने तो मिटत नाही. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आपल्याकडचे लोक अशा वेळी नव्या करारातल्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय पुढे करतात, कारण या वचनांत कोणी भर घालू नये अशी ताकीद तिथे आहे. हा युक्तिवाद मी तुझ्यापुढे करणार नाही, कारण तो टिकत नाही. ती ताकीद त्या एका पुस्तकापुरती आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात मोशेनेही नेमके तेच बजावले आहे, आणि ते शब्दशः लावायचे ठरवले तर यशयापासून योहानापर्यंत सगळेच बाद होतील. शिवाय ते वाक्य लिहिले गेले तेव्हा नवा करार एका बांधणीत कुठे होता? आजच्या नेमक्या 27 पुस्तकांची यादी आपल्याला प्रथम आढळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या 367 सालच्या पत्रात. तेव्हा दार कोणत्या वचनाने बंद झाले, असे तू विचारलेस तर माझ्याकडे एक ओळ काढून दाखवण्यासारखी नाही.

माझी हरकत तुझ्या ‘बरोबरीने’ या शब्दाला आहे. दोन ग्रंथ शेजारी शेजारी ठेवता येतात, पण दोन अंतिम अधिकार फार काळ शेजारी नांदत नाहीत. दोघांचे एकमत असते तोवर प्रश्नच नसतो. मतभेद झाला की कोणाला तरी नमते घ्यावे लागते, आणि नमते घेतो तो बहुतेक वेळा जुनाच. कारण नव्याच्या बाजूने एक हुकमी वाक्य तयार असते: देवाने आता अधिक स्पष्ट सांगितले आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला तुझ्या ग्रंथात नाही, दुसऱ्या शतकात सापडते. फ्रुगियात (आजच्या तुर्कस्तानात) मोंटानस आणि त्याच्याबरोबर प्रिस्किल्ला व मॅक्सिमिल्ला या दोन स्त्रिया संदेश देऊ लागल्या, आणि पवित्र आत्मा आपल्या मुखाने बोलतो असा त्यांचा दावा होता. कार्थेजचा टर्टुलियन पुढे त्यांच्या बाजूला गेला. हा माणूस साधासुधा नव्हता. प्रेषितांकडून आलेल्या विश्वासाच्या नियमाबाहेर कोणी जाऊ नये, असे पाखंडी मतांविरुद्ध ठणकावून लिहिणारा तो लेखक होता. नव्या संदेशांनी विश्वासाचा नियम बदलत नाही, फक्त आचरणाची शिस्त पूर्ण होते, असे त्याचे म्हणणे. आता ही शिस्त काय ते पाहा. पती वारल्यावर स्त्री पुन्हा लग्न करण्यास मोकळी आहे, फक्त ते प्रभूमध्ये व्हावे, असे प्रेषित पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो. टर्टुलियन म्हणतो की ती सवलत माणसांच्या दुबळेपणासाठी होती आणि आता कैवारी, म्हणजे पवित्र आत्मा, आला आहे, म्हणून दुसरे लग्न नाही. आधाराला तो योहानाच्या सोळाव्या अध्यायातले येशूचे बोल घेतो: मला तुम्हांला अजून पुष्कळ सांगायचे आहे, पण आता ते तुम्हांला सोसवणार नाही. तुझ्या पत्रातही तू हेच वचन घेतले आहेस, म्हणून ही जुनी गोष्ट एवढी विस्ताराने सांगितली. पौलाचे पत्र कोणी फाडले नाही, ते सभेत वाचलेही जात होते, आणि तरी त्याने ज्याला मोकळीक दिली तेच निषिद्ध ठरले.

तुझ्या ग्रंथाकडे येतो. जोसेफ स्मिथने तो 1830 साली न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे छापून घेतला. त्या मंडळीच्या श्रद्धेच्या कलमांतले आठवे कलम तू उतरवून पाठवलेस ते पुन्हा वाच. पवित्र शास्त्र हे देवाचे वचन आहे, पण भाषांतर बरोबर असेल तितपत. मॉर्मन ग्रंथही देवाचे वचन आहे, आणि त्याला मात्र अशी अट जोडलेली नाही. बरोबरी इथेच संपली, नाही का? एकाला जामीन द्यावा लागतो, दुसऱ्याला लागत नाही.

त्या मंडळीचा एक प्रामाणिकपणा मात्र मी मान्य करतो. जिवंत संदेष्टा आहे असे म्हटल्यावर तो बोलतोच. बहुपत्नीत्वाचे प्रकटीकरण 1843 साली लिहून घेतले गेले. 1890 साली मंडळीचे तेव्हाचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांच्या जाहीरनाम्याने तशा विवाहांना मनाई केली. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना याजकपण नाकारले जात होते. 1978 साली नव्या प्रकटीकरणाने ती बंदी उठली. दोन्ही बदल चांगलेच झाले, याबद्दल दुमत नाही. पण नव्या शब्दाला जुन्यावर निकाल देण्याचा अधिकार एकदा दिला की 1830 चा शब्दही पुढच्या शब्दासमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. ज्या निश्चिततेसाठी तू तिकडे ओढला जात आहेस, तीच तिथे सर्वांत कमी आहे असे माझे मत आहे.

आता तू म्हणशील, ‘अरे, नव्या कराराने जुन्या कराराचे हेच केले नाही काय? सुंता गेली, अन्नाचे नियम गेले.’ हा आक्षेप मला खरोखर जड वाटतो. मी तुला जे सांगतो आहे तेच एखादा यहूदी वाचक मला सांगू शकतो, आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देण्याचा मला हक्क नाही. मी एवढेच म्हणू शकतो की पहिल्या पिढीने नवे पुस्तक पुढे केले नाही. त्यांनी एक घटना पुढे केली: ज्याला वधस्तंभावर मारले तो उठला. तिच्यासाठी त्यांनी साक्षीदार दिले. पौल लिहितो की तो पाचशेहून अधिक बांधवांना एका वेळी दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जाऊन विचारता येत होते. आणि हे सारे शास्त्रांशी जुळते का, हे दररोज तपासणाऱ्या बिरुयाच्या लोकांची प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात निंदा नाही, वाखाणणी आहे. मॉर्मन ग्रंथाच्या प्रारंभीही तीन आणि आठ साक्षीदारांची निवेदने आहेत हे मी विसरलेलो नाही. पण ती साक्ष मुख्यतः त्या सोन्याच्या पत्र्यांविषयीची आहे, ज्यांवरून आपण हा ग्रंथ भाषांतरित केला असे जोसेफ स्मिथ सांगत असे. भाषांतर देवाच्या सामर्थ्याने झाले हे देवाच्या वाणीने कळले, असे तिघे म्हणतात खरे, पण पत्र्यांवरचा मजकूर आपण स्वतः वाचला असे त्यांपैकी कोणी म्हणत नाही. त्या पत्र्यांवर काय लिहिले होते, यासाठी आपल्याला जोसेफ स्मिथच्या भाषांतरावरच विसंबावे लागते.

इब्री लोकांस पत्राच्या आरंभी म्हटले आहे की देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे वेळोवेळी आणि नाना प्रकारे बोलला, आणि आता पुत्राच्या द्वारे बोलला. आपला विश्वास पूर्ण झाला तो एका व्यक्तीत. म्हणून देव आज बोलू शकत नाही असे मी कधीच म्हणणार नाही. येशूमध्ये जे अपुरे राहिले ते हा नवा ग्रंथ पुरवतो, असे कोणी म्हणाले तर मात्र मला थांबावे लागते.

राहिली तुझ्या अंतःकरणातल्या उबेची गोष्ट. ग्रंथाच्या शेवटी त्यातला अखेरचा लेखक मोरोनी सांगतो त्याप्रमाणे तू प्रार्थना केलीस आणि तुला शांती लाभली. त्या अनुभवावर मी शंका घेत नाही, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू असले काही उगाच लिहिणार नाहीस. पण अशीच शांती रोझरी (मरियेची जपमाळ) करणाऱ्यांना लाभते, मौनात बसणाऱ्या क्वेकर मंडळींना लाभते, आणि त्यांच्या शिकवणी एकमेकींशी जुळत नाहीत. शास्त्राची कसोटी मनाच्या उबेहून कडक आहे. अनुवाद पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात तर संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले तरी तो कोणत्या देवाकडे नेतो ते पाहा, असे सांगितले आहे. आणि पौल म्हणतो की दोघा-तिघांनी संदेश द्यावा व इतरांनी त्याची पारख करावी. इतरांनी, हे ध्यानात घे. एकट्याने खोलीत करायचे हे काम नव्हे.

मग नव्या प्रकटीकरणावर अजिबात विश्वास ठेवू नये काय? पौलच थेस्सलनीकाकरांना संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, असे लिहितो. मी प्रॉटेस्टंट असूनही (हे वाचून तू हसशील) मला या बाबतीत कॅथलिक लोकांची शिस्त आवडते. फ्रान्समधील लूर्द येथे 1858 साली बर्नादेत या मुलीला झालेल्या मरियेच्या दर्शनांची चौकशी होऊन 1862 साली तिथल्या बिशपने त्यांना मान्यता दिली, आणि तरीही त्यांवर विश्वास ठेवणे कोणाही कॅथलिकाला बंधनकारक नाही. ती दर्शने विश्वासाच्या ठेव्यात भर घालत नाहीत. त्या ठेव्यानुसार जगायला फार तर हात देतात. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी जिला संदेष्ट्री मानते त्या एलन व्हाइट यांनीही आपल्या लेखनाला मोठ्या प्रकाशाकडे नेणारा लहान प्रकाश म्हटले होते. नवा शब्द साक्षीदार म्हणून आला तर मी त्याचे म्हणणे अवश्य ऐकेन. न्यायाधीशाच्या शेजारी खुर्ची मागू लागला, की माझी तयारी नाही.

पुढच्या पत्रात माझ्यासाठी एवढे कर. जिथे तो ग्रंथ किंवा त्या मंडळीची नंतरची प्रकटीकरणे आणि पवित्र शास्त्र यांचा मेळ बसत नाही असे तुला स्वतःला वाटते, अशी एक जागा निवड आणि तिथे तू कोणाच्या बाजूने निर्णय दिलास आणि का, हे सविस्तर लिही. तसा मेळ न बसणारी जागाच नाही असे तुझे म्हणणे असेल, तर तेही लिही. मग जागा मी सुचवेन आणि आपण दोघे मिळून वाचू.

तुझा स्नेही,
मोहन