धुरकट गॉगल आणि रात्रीचा खेळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्लंडमध्ये नोकरीनिमित्त राहणारा माझा मुलगा रात्री रानात एअरसॉफ्ट, म्हणजे नकली बंदुकांनी एकमेकांवर प्लास्टिकच्या गोळ्या झाडण्याचा लुटुपुटूच्या लढाईचा खेळ, खेळतो. यंदा भर पावसात, निव्वळ हौसेपोटी, मीही तो खेळ पाहिला. ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी वाऱ्यात भरकटते म्हणून ०.२० ग्रॅमऐवजी ०.३० ग्रॅमची वापरतात, थंडीने गॅसवरची पिस्तुले मंदावतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु डोळ्यांच्या रक्षणासाठी घातलेला, श्वासाच्या वाफेने धुरकटलेला गॉगल पुसण्यासाठी दोघा तरुणांनी तो खेळ चालू असतानाच कपाळावर चढवला, आणि काळोखात समोरच्याला त्याचा पत्ताही नव्हता. (माझ्या छत्रीवरही दोन गोळ्या टणकन आपटल्या!) आयोजकांनी छोटा पंखा बसवलेले गॉगल भाड्याने ठेवावेत आणि गॉगल निघताच शिटी वाजवून खेळ थांबवावा.

आपला,
एक वाचक, पुणे