आबा अजून मोजणीत आहेत

ता. बोदवड, जि. जळगाव
२३ जुलै २०२२

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

डब्यातल्या बिबड्या आधी बाहेर काढ. पावसाची हवा आहे, मऊ पडतील. त्यांच्याखाली शेंगदाण्याची चटणी आणि चटणीखाली हे पत्र. कागदाला तेल लागलं असेल तर हसू नकोस. मामा उद्या पहाटे पुण्याला निघतोय, म्हणून रात्रीच लिहायला बसले. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. परवा राष्ट्रपतीच्या निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा एवढ्या हौसेने फोन केला, तर म्हणालीस, "आई, त्यात आपलं मत तरी होतं का? मग पेढे कसले वाटता? आणि माझं नाव मतदार यादीत घालायच्या मागे लागू नको." खटकन फोन ठेवलास. ड्यूटी होती म्हणे.

मत नव्हतं, तुझं खरंय. पण मला एवढं सोपं वाटत नाही गं ते.

२००७ चा जुलै तुला आठवत नसेल, चार वर्षांची होतीस. नाडगाव आपल्यापासून दोन कोसांवर. तिथे जन्मलेली बाई, प्रतिभाताई पाटील, राष्ट्रपती झाली, तीही देशातली पहिली बाई. एम. जे. कॉलेजात टेबल टेनिस खेळायच्या, सत्ताविसाव्या वर्षी जळगावच्या आमदार झाल्या, पुढे एदलाबादमधून, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरमधून, चार वेळा. आजीचं माहेर त्याच बाजूचं, त्यामुळे तिला तर घरचंच लग्न निघाल्यासारखं झालं. पेढ्यांना पैसे नव्हते, म्हणून तुला कडेवर घेऊन तिने गल्लीभर साखर वाटली. प्रत्येक दारात एकच वाक्य, "आपल्याकडची बाई दिल्लीले बसली, आता नळाले पानी येईन."

नळाचं तुला सांगायला नको. तेव्हाही पंधरा दिवसांनी यायचा, आजही अंगणात सात ड्रम भरून ठेवलेत. मी आजीला समजावायची की राष्ट्रपतीचं आणि नळाचं काही नातं नसतं, ते ग्रामपंचायतीकडे असतं, योजना मुंबईहून मंजूर होते. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "मंग तिले कायले बसवली तिथं?" पाच वर्षांत मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून असल्या निकालाचा आनंद झाला की मागोमाग आजीचा तो प्रश्न येतोच.

तरी परवा फोन केला, कारण माझ्या अंगणवाडीतली आपली मदतनीस मावशी. गुरुवारी संध्याकाळी लाइट गेलेली. माझ्या मोबाइलवर आम्ही दोघी आणि आजी, अशा तिघी निकाल बघत होतो. द्रौपदी मुर्मूबाईंना मतं ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हांना ३,८०,१७७. मावशी काही बोलेना. मग त्या बाईंची माहिती सांगायला लागले, की आधी पाटबंधारे खात्यात क्लार्क, मग शाळेत शिकवलं, १९९७ ला नगरसेविका, मग आमदार, मंत्री, राज्यपाल. संथाळ समाजातल्या. नवरा आणि दोन मुलगे गेले. मागच्या महिन्यात उमेदवारी जाहीर झाल्यावर गावच्या शिवमंदिरात झाडू मारतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता, तोही दाखवला. मला तो जरा कॅमेऱ्यासाठीचाच वाटला होता. आजीने मात्र झाडूची मूठ बघितली आणि निकाल देऊन टाकला, "हिले सवय हाये." मावशी सुट्टीवर असली की अंगणवाडी मी झाडते, तेव्हा आजी मला असं कधी म्हणाली नाही, ते असो.

मग मावशी बोलली. "बाई, तिले बी पन्नास सालचा कागद मांगला असीन का ओ?"

तिच्या मोठ्याच्या जातीच्या दाखल्याचं तुला माहीतच आहे. आदिवासी असल्याचा पुरावा ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा हवा. मावशीचा सासरा सालदार, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा, त्याचा बाप सालदार. शाळेत कोणी गेलं नाही, सातबारावर नाव नाही. भिलाटीत राहतात, भिल्ल म्हणून गाव हाक मारतं, लग्नं समाजातच होतात, पण कागद म्हणाल तर एकही नाही. दीड वर्ष झालं चकरा मारतेय. कधी साहेब नाही, कधी सर्व्हर नाही. पोराची एक ॲडमिशन त्यातच गेली. मी म्हटलं, मुर्मूबाईंची रायरंगपूरची जागा राखीव होती, तिथून आमदार व्हायला दाखला लागलाच असेल. राष्ट्रपतीला मात्र तसं काही लागत नाही. मावशी म्हणाली, "मंग मोठंच पद बरं." आणि हसली. किती दिवसांनी हसली म्हणून तुला फोन लावला गं. पेढे तिनेच आणले, पावशेर.

रात्री तुझं बोलणं डोक्यात घोळत राहिलं. झोप येईना म्हणून पोषण आहाराच्या जुन्या रजिस्टरच्या मागे हिशोब मांडला. राष्ट्रपतीला खासदार आणि आमदार मत देतात हे तुम्ही शाळेत पाठ केलंत. आमदाराला गुलाबी मतपत्रिका, खासदाराला हिरवी, आयोगाने दिलेला जांभळ्या शाईचा पेन, नावापुढे १, २ असे पसंतीचे आकडे लिहायचे. पण आमदाराचं मत एक धरत नाहीत. महाराष्ट्रातल्या आमदाराचं मत १७५ चं असतं, उत्तर प्रदेशातल्याचं २०८ चं, सिक्कीममधल्याचं नुसतं ७ चं. हे १७५ येतात कुठून? राज्याची लोकसंख्या घ्यायची, ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागायचं, मग हजाराने. मोबाइलवर भागाकार केला, १७५ आणि वर किंचित आले, ते किंचित सोडून देतात. म्हणजे हजार माणसांमागे एक मत.

आता तू म्हणशील, पाच कोटी कशी? अकरा कोटींच्या वर गेलाय महाराष्ट्र. तीच तर गंमत आहे. ही १९७१ ची जनगणना. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून तो आकडा तिथेच गोठवलाय, २०२६ नंतरची पहिली जनगणना येईपर्यंत.

१९७१ ला मी जन्मलेही नव्हते. तुझे पप्पाही नव्हते. आजी होती, नुकती लग्न होऊन आलेली. आणि आबा होते.

आबांचं नाव मतदार यादीतून कोणी काढलं, माहीत आहे? मी. या भागाची बीएलओ, मतदार यादीचं काम बघणारी, मीच ना. त्यांचं वर्ष झालं तरी मी तो कागद भरत नव्हते. शेवटी तालुक्याच्या मीटिंगमध्ये मयत नावं का वगळली नाहीत म्हणून सगळ्यांदेखत ऐकून घेतलं. घरी येऊन नाव वगळायचा फॉर्म ७ घेतला, कारणाच्या रकान्यात 'मयत' लिहिलं, आणि खाली सही केली ती त्यांच्याच सुनेने. पुढच्या छापील यादीत त्यांच्या फोटोवर आडवा शिक्का आला. आजीला ती यादी मी अजून दाखवलेली नाही. आणि परवाच्या हिशोबात पाहते तर आबा हजर! यादीतून मी काढले, पण राष्ट्रपती निवडायच्या आकड्यात ते बसलेत, धोतर-टोपीसकट. मी नाही, तू नाहीस, ते आहेत. रात्री एक वाजता एकटीच हसले बघ. मग मावशीची आठवण झाली. १९७१ ला मोजणारा भिलाटीत गेला होता का? सालदारकी बदलली की बिऱ्हाड हलायचं. कोणाच्या मळ्यात असेल सासरा तेव्हा, कोणी धरलं असेल का त्याला त्या पाच कोटींत? हे आता कोणाला विचारणार?

तू म्हणतेस आपलं मत नसतं. आपलं मत आमदाराच्या खिशात असतं, असं मी म्हणेन. आणि खिशाचीच मला भीती वाटते. जूनमध्ये काय झालं ते तू टीव्हीवर पाहिलंस. आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. सुरत आपल्याला काय, भुसावळला गाडीत बसायचं. आजी म्हणाली, सुरतेला साड्या घ्यायला जातात एवढं ऐकलं होतं. कोण बरोबर, कोण चूक, यात मी पडत नाही. बीएलओला पडता येत नाही, घरातही नाही. पण या निवडणुकीत पक्षाला व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही, मतदान गुप्त असतं. आपल्या आमदाराने ते १७५ कोणापुढे ठेवले हे तुला-मला कधीच कळणार नाही. मावशीच्या आनंदात त्याचा हात होता की नव्हता, काय माहीत.

आणि आजीचा प्रश्न तर राहिलाच. लोक म्हणतात, राष्ट्रपती म्हणजे सहीचा शिक्का. पण याच मुर्मूबाई झारखंडच्या राज्यपाल असताना, २०१७ ला, आदिवासींच्या जमिनीच्या कायद्यातले बदल त्यांनी सही न करता सरकारला परत पाठवले होते. सरकार त्या ज्या पक्षात वाढल्या त्याच पक्षाचं. दिल्लीत असं एकदाच करता येतं. संसदेने तेच विधेयक पुन्हा पाठवलं तर सही करावीच लागते. त्या तिथे करतील की नाही, मला सांगता येत नाही. त्यांच्या जन्मगावच्या एका पाड्यावर वीज नव्हती, उमेदवारी जाहीर झाल्यावर तिथे खांब उभे राहायला लागले, हे आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाह्य, तिच्या गावाले तरी गेलं काही." मग ड्रमांकडे बघून गप्प बसली.

मावशी सोमवारचा शपथविधी अंगणवाडीत दाखवा म्हणतेय. पोरं काय बघणार, खिचडी कधी मिळते ते बघतील. पण दाखवेन. लाइट असली तर.

आता तुझं. १ ऑगस्टपासून आम्हाला मतदार यादीला आधार जोडायचं काम लागतंय, घरोघर फिरणं आलं. त्याआधी तुझा नाव नोंदवायचा फॉर्म ६ उरकायचाय. गल्लीतल्या तुझ्या वयाच्या सगळ्या पोरींची नावं मी भरली आणि माझ्याच घरची पोर नाही, दारात उभं राहून लोकांना काय सांगू? तुझा रागही धर मनात, पण फॉर्म भर. दहावीचं सर्टिफिकेट इथे आहेच. नुसता फोटो पाठव मामाबरोबर, दोन प्रती, पांढऱ्या पडद्यापुढचा. होस्टेलच्या ओळखपत्रावरचा नको, त्यात तुझे डोळे मिटलेत.

आणि डबा धुऊन पाठव. मागचा तसाच आला होता.

तुझी,
आई