कुत्रा आणण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुला ब्रीडरकडचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू हवंय, वहिनी म्हणतात शेल्टरमधला कुत्रा आणू. मला दोघांचंही अर्धंच पटलं. जातिवंत असला की निरोगी असतोच असं नाही आणि शेल्टरमधला असला की बिघडलेला असतोच असंही नाही. कुठेही गेलास तरी तीन गोष्टी बघायच्या: देणाऱ्याला या कुत्र्याची किती माहिती आहे, ती तो कागदावर दाखवतो का आणि जमलं नाही तर कुत्रा परत घेतो का.

आधी तुझ्या लॅब्रॅडॉरचं बघू. ‘आईबापांची तपासणी झालीय’ असं प्रत्येक विकणारा सांगतो. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ‘ठणठणीत आहे’ म्हटलं, तर ती ही तपासणी नव्हे. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचे आणि कोपरांचे एक्स-रे, त्यांवर तज्ज्ञाने दिलेली श्रेणी, डोळ्यांची तपासणी आणि काही आनुवंशिक आजारांच्या डीएनए चाचण्या, एवढं तरी दोन्ही पालकांचं हवं. अमेरिकेतली ओएफए ही संस्था २४ महिन्यांआधी खुब्याची अंतिम श्रेणी देतच नाही. तेव्हा आधी आईचं वय विचार. ती दीड वर्षाची असेल, तर तिचे सांधे पुरते पारखण्याआधीच तिला व्यायला लावलंय.

दुसरी जात मनात आली तर यादी बदलते. डॉबरमनचं हृदय होल्टरवर, म्हणजे २४ तास ठोके नोंदवणाऱ्या यंत्रावर बघतात, कारण हृदयाचे ठोके अधूनमधूनच चुकतात आणि पाच मिनिटांच्या ईसीजीत ते सापडतीलच असं नाही. डाल्मेशियनच्या वेतातल्या प्रत्येक पिल्लाची श्रवणचाचणी लागते. बुलडॉग आणि पग यांचा श्वास थोडं चालवून मग ऐकायचा. बसल्या जागी घोरणं ‘जातीचंच असतं’ म्हणून सोडून देतात, तिथेच फसगत होते.

डीएनएच्या कागदावर ‘वाहक’ शब्द, म्हणजे दोष बाळगणारा पण स्वतः आजारी नसलेला, दिसला तर दचकू नकोस. आजार अप्रभावी जनुकाचा (म्हणजे दोन्ही पालकांकडून दोष आला तरच होणारा) असेल आणि एकच पालक वाहक, दुसरा निर्दोष असेल, तर त्या आजाराचं पिल्लू होत नाही. दोघंही वाहक असतील तर सरासरी चारातलं एक पिल्लू आजारी निघतं. आपल्या मादीला वाहक म्हणून दाखवणारा आणि त्यासाठी निर्दोष नर शोधणारा ब्रीडर मला ‘सगळं क्लिअर’ म्हणणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

वंशावळीचा कागद फक्त वंश सांगतो, तब्येत नाही. पण तो वाच. आईबापांच्या वरच्या पिढ्यांत एकच नाव दोनदा आलंय का बघ, म्हणजे जवळच्या नात्यात जोडी लावलीय का ते कळेल. सख्ख्या भावंडांच्या जोडीतून झालेल्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक (नात्यातल्या जोडीचं माप) २५ टक्के असतो, सावत्र भावंडांच्या जोडीतून १२.५ टक्के. आणि ‘दुर्मीळ रंग’, ‘टीकप’ (अगदी चिमुकला कुत्रा) असे शब्द कानावर आले की पुढचं ऐकायची गरज नाही.

आई बघितल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही, मग कारण कितीही गोड असो. ती हडकलेली, केस झडलेली, सड लोंबणारी दिसली तर घाबरू नकोस. व्यायल्यानंतर दोनतीन महिने तसं चालतं. ती कोपऱ्यात थरथरत असेल किंवा मालक जवळ असूनही सारखी अंगावर येत असेल, तर मात्र परत फिर, कारण भित्रेपणा बराचसा आनुवंशिक असतो. पिल्लांची जागाही बघ. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला पुढे परकं वाटत नाही. त्यातले पहिले पाच आठवडे ब्रीडरच्या हातात असतात. ते आठवडे मागच्या शेडमध्ये गेले असतील, तर मिक्सरच्या आवाजालाही बिचकणारं पिल्लू तुझ्या पदरात पडेल.

आठ आठवड्यांआधी पिल्लू उचलायचं नाही. किती जोरात चावलं की समोरचा खेळ थांबवतो, हे ते भावंडांकडूनच शिकतं. तोवर जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी झालेलं हवं आणि लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत. इथे सगळ्यात जास्त चूक होते बघ: दोन डोस झाले की लोक निर्धास्त होतात. पण आईकडून आलेली प्रतिपिंडंच लस निकामी करतात आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरतात. म्हणून शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर.

चांगला ब्रीडर तुलाच उलटे प्रश्न विचारेल: दिवसा घरी कोण, याआधी कुत्रा होता का, का हवाय. महिनोनमहिने थांबवेल. कुत्रा कुठल्याही वयात परत घेईन, असं लिहून देईल. आज फोन, उद्या पिल्लू, चार जाती तयार आणि ‘रस्त्यात मधे भेटू, आणून देतो’ म्हणणारा निव्वळ व्यापारी. त्याच्याकडून दया येऊनही घेऊ नकोस. तू रिकाम्या केलेल्या पिंजऱ्यात पुढचं वेत येतं. असे काही जण आता ‘रेस्क्यू’चं नाव लावूनही पिल्लं विकतात, तेव्हा तिथेही हेच प्रश्न विचारायचे.

आता वहिनींची बाजू. शेल्टरमधला मोठा कुत्रा घेतलास तर उंची, केस, जोम सगळं समोर असतं; अंदाज बांधावा लागत नाही. ‘लॅब मिक्स’ (लॅब्रॅडॉरचा संकर) या शब्दावर मात्र विसंबू नकोस, नुसतं रूप बघून ओळखलेली जात पुष्कळदा चुकते.

पिंजऱ्यातलं वागणं घरातलं नसतं, आणि हे दोन्हीकडून खरं. जाळीवर उड्या मारून भुंकणारा बाहेर काढल्यावर लोण्यासारखा मऊ निघू शकतो, आणि कोपऱ्यातला ‘शहाणा’ कुत्रा भीतीने गोठलेलाही असू शकतो. म्हणून वेगवेगळ्या वेळी दोनदा जा, आणि आवाजापासून लांब अर्धा तास चालव. थोड्या वेळाने अंग सैल होतंय का, मधूनच वळून तुझ्याकडे बघतोय का, खाऊ घेतोय का, हे बघ. शेपूट पोटाखाली, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसताहेत, खाऊ नाकारतोय, असं दोन्ही वेळा दिसलं तर तो कुत्रा वाईट नाही, पण त्याला अनुभवी घर लागेल. काही आठवडे एखाद्याच्या घरी फॉस्टरला, म्हणजे तात्पुरता सांभाळायला, राहिलेला मिळाला तर उत्तमच. त्या माणसाकडून तासाभरात जे कळेल ते पिंजऱ्यापुढे दहा वेळा उभं राहून कळणार नाही. विचारायचं काय? रस्त्यावर सापडला की मालकाने सोडला. आधी कुणी नेऊन परत केला का आणि का. चावलाय का, चावला तर नुसता ओरखडा की खोल जखम. खाताना भांड्याजवळ गेलं तर गुरगुरतो का. एकटा किती वेळ राहतो.

तब्येतीचं म्हणशील तर पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार. पार्व्होची लक्षणं संसर्गानंतर बहुधा तीन ते सात दिवसांनी दिसतात, डिस्टेंपरला आणखी वेळ लागू शकतो. आज उड्या मारणारं पिल्लू घरी येऊन आजारी पडतं ते यामुळे. नवे कुत्रे वेगळे ठेवतात का आणि गेल्या दोन आठवड्यांत तिथे साथ होती का, हे सरळ विचार. गोचीडताप आणि हृदयातल्या जंताची रक्तचाचणी करून घे. जंताची चाचणी संसर्गानंतर साधारण सहा महिन्यांनी खरं बोलते, म्हणून निगेटिव्ह आली तरी सहा महिन्यांनी पुन्हा करायची.

तुमच्याबद्दल माझं मत विचारलंस तर: तुम्ही दोघं नऊ तास बाहेर, मुक्ता सात वर्षांची. दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दोनतीन तासांपलीकडे शू धरवत नाही, आणि दुधाचे दात सुईसारखे असतात. पिल्लूच हवं असेल तर पहिले दोन महिने तुमच्यापैकी एकाने घरी राहायला हवं. ते जमणार नसेल तर फॉस्टरमध्ये मुलांबरोबर राहिलेला, दोन ते चार वर्षांचा कुत्रा बघा. एकटं राहायची सवय त्यालाही हळूहळूच लावावी लागेल आणि भरदुपारी कुणीतरी फिरवायला हवंच. पहिले तीन दिवस तो बावरलेला राहील, तीन आठवड्यांत घराची घडी कळेल, खरा स्वभाव दिसायला तीन महिने लागतील. तोवर पाहुणे नकोत आणि मुक्ताला त्याच्याजवळ एकटं सोडू नका. अन्नही एकदम बदलू नका, सात ते दहा दिवसांत थोडं थोडं बदला.

पहिल्या भेटीला मुक्ताला नेऊ नका. तिने एकदा नाव ठेवलं की तुझ्याच्याने ‘नाही’ म्हणवणार नाही. कुणाकडचेही कागद मिळाले की फोटो काढून पाठव, मी वाचून कळवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल