सेमी-ऑटोचं खूळ आणि तुझा नान्नजचा मळा

प्रिय संत्या,

मळ्याच्या राखणीला सेमी-ऑटो बंदूक (एक बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी) घ्यायची म्हणतोस, तो तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, प्रशांतने पुण्याहून तुला पाठवलेले व्हिडिओ पण बघितले. फोनवर बोलायला गेलो की तू मधेच "पण किंमत किती" वर येतोस म्हणून सरळ लिहूनच पाठवतोय, निवांत वाच आणि वहिनींनाही वाचायला दे, कारण बंदूक घरात येणार तर त्यांनाही सगळं माहीत पाहिजे.

पहिलं तुझ्या डोक्यातलं ते सेमी-ऑटो काढ. गन वाईट आहे म्हणून नाही, तुला ती मिळणारच नाही म्हणून. आपल्याकडे आर्म्स ॲक्ट १९५९ चा आणि त्याखाली २०१६ चे नियम आहेत, त्यात सेमी-ऑटोमॅटिक बारा बोअर, म्हणजे छऱ्याची बंदूक, पहिल्या कॅटेगरीत बसते, म्हणजे ते कलेक्टर ऑफिसचं कामच नाही, थेट दिल्लीचं गृह मंत्रालय. आणि त्या व्हिडिओतल्या बेनेली एम४ नि बेरेटा १३०१ दोन्हींची नळी साडेअठरा इंचाची आहे. अमेरिकेत अठरा इंचाच्या वर असली की चालतं, आपल्याकडे वीस इंचाच्या खालची नळी असली की ती पण त्याच पहिल्या कॅटेगरीत, मग ती सेमी-ऑटो असो नाहीतर साधी एकनळी. म्हणजे ती गन दोन्ही बाजूंनी अडकते. वर बाहेरून मागवणं सामान्य माणसाला बंद आहे, नेमबाजांना काही सवलत आहे, पण तू नेमबाज नाहीस लका, तू द्राक्षवाला आहेस.

उलट वीस इंच किंवा जास्त नळीची साधी बारा बोअर संरक्षणासाठी मागितली तर कायदाच तुझ्या बाजूने बोलतो, आर्म्स ॲक्टच्या कलम १३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. पोलिसांचा रिपोर्ट चांगला पाहिजे, वय एकवीसच्या वर पाहिजे (ते तुझं कधीच झालं), ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पाहिजे, आणि बंदूक कुठे ठेवणार ते सांगावं लागतं. लायसन्स आता पाच वर्षांचं असतं, २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन वर्षांचं होतं. बाकी कागदं एजंटला देऊ नकोस, स्वतः जा.

तरी तू विचारलंयस की सेमी-ऑटोमध्ये भरवशाची कुठली, तर सांगतो, कारण त्यातच तुझं उत्तर आहे. फौजेतून आल्यावर इतकी वर्षं बँकेच्या गार्डांच्या बंदुका तपासतोय, त्यामुळे मी भरवसा कशाला म्हणतो तेही कळेल तुला.

सेमी-ऑटो चालते दोन-तीन प्रकारांनी. सगळ्यात जुनी ब्राउनिंगची ऑटो-५, पेटंट १९०० चं, जुन्या संस्थानिकांकडे, शिकारीवाल्यांकडे असायची. त्यात बार उडाला की नळी आणि बोल्ट (नळी मागून बंद करणारा ठोकळा) दोन्ही सोबत मागे येतात आणि मग नळी पुढे जाते. त्यात नळीखालच्या काडतुसांच्या नळकांड्यावर एक घर्षणाची रिंग असते, हलकं काडतूस वापरायचं तर ती एका पद्धतीने लावायची, जड काडतूस तर दुसऱ्या. चुकीची लावलीस तर हलक्या काडतुसात रिकामं कवच बाहेर पडत नाही आणि जड काडतुसात नळीखालचं पुढचं लाकूड फाटतं. लोक आजोबांची बंदूक म्हणून मिरवतात आणि ती रिंग कशी लागलीय ते उघडून कधी बघत नाहीत.

दुसरी गॅसची. नळीतला थोडा गॅस भोकातून घेऊन पिस्टन ढकलतो, पिस्टन बोल्टला. रेमिंग्टन ११००, १९६३ ची, ह्याच प्रकारची, बेरेटा १३०१ पण, आणि तुझी ती बेनेली एम४ पण गॅसचीच. ही अमेरिकन मरीन्सनी १९९९ मध्ये एम१०१४ नावाने घेतली. गॅसवाल्या गनचा धक्का खांद्याला कमी लागतो, हे खरंय, मान्य करतो. पण काजळी साचते, पिस्टन वेळच्या वेळी साफ करावा लागतो, नाहीतर अडकते.

तिसरी इनर्शियाची, बेनेलीची एम२ वगैरे. हिच्यात गॅस येतच नाही आत, म्हणून स्वच्छ राहते. बार उडाल्यावर सगळी बंदूक मागे येते, जड बोल्ट जागेवरच राहू बघतो, मधली स्प्रिंग दाबली जाते आणि तीच मग बोल्टला उघडते. छान आहे, पण तिला धक्का पाहिजे. हलकं काडतूस घातलं, किंवा नळीवर टॉर्च, रेल, काडतुसांचा पट्टा असं काय काय लटकवून जड केली, किंवा खांद्याला नीट टेकवली नाही, तर ती अर्धवट उघडते आणि तिथंच थांबते. प्रशांतच्या व्हिडिओतला माणूस नेमकं तेच करतोय, सगळं सामान लावून बसलाय.

आता काडतुसांचं बोलू. आपल्याला मिळणारं काडतूस म्हणजे बहुतेक खडकीच्या फॅक्टरीचं शक्तिमान. वाईट नाही, मी अनेक वर्षं वापरलंय, पण जुना स्टॉक, दुकानात किती दिवस पडलाय, मे महिन्यात सोलापूरच्या पत्र्याखाली कसा ठेवलाय, ह्यावर फरक पडतो. एखादं काडतूस उडत नाही, एखादं अशक्त उडतं. सेमी-ऑटोची सगळी यंत्रणाच काडतुसाच्या ताकदीवर चालते, अशक्त काडतूस म्हणजे यंत्र बंद. मग काळोखात थरथरत्या हाताने हॅंडल ओढून अडकलेलं काढायचं. पंप ॲक्शनमध्ये नळीखालची मूठ तू स्वतः मागे ओढतोस, काडतूस उडो न उडो पुढचं येतं. दुनळीत तर अजून सोपं, एक नाही उडालं तर दुसऱ्या चापावर बोट. म्हणून बँकेच्या दारात अजूनही दुनळी घेतलेला गार्ड दिसतो, दिसायला जुनाट, पण तिच्यात बिघडायला काही नाही.

म्हणजे माझं म्हणणं एवढंच की तुझ्यासाठी भरवसा हा बंदुकीत कमी आणि बंदूक-काडतूस-माणूस ह्या तिघांच्या जोडीत जास्त. आणि ती जोडी आपल्याकडे दुनळीत बसते, किंवा पंप ॲक्शनमध्ये. पंप हवी असेल तर सरकारी तिरुचिरापल्लीच्या फॅक्टरीची बारा बोअर पंप येते, पाहिल्यावर सांगेन, पण तिला सराव लागतो, घाबरलेला माणूस अर्धाच ओढतो आणि अडकवतो, मी हे गार्डांच्या सरावात कितीदा बघितलंय. तू आणि वहिनी दोघांनी चालवायची, तर माझं मत दुनळी.

जुनी दुनळी कोणी देत असेल तर एक बघ, चेंबरची (नळीत काडतूस बसतं त्या जागेची) लांबी किती ते बहुतेक नळीवर कोरलेलं असतं. जुन्या बंदुका बऱ्याचदा ६५ मिलिमीटरच्या असतात आणि आजची काडतुसं बहुतेक ७० ची. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, हीच फसवणूक आहे, कारण काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यावर उघडलेल्या कवचाची असते. उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. आणि सुंदर नक्षीसारखी लहरीलहरी दिसणारी जुनी दमास्कस नळी असेल तर ती भिंतीवर टांग, उडवू नकोस, कितीही जीव जडला तरी. आपण शाळेच्या सहलीत अक्कलकोटचं शस्त्रागार बघितलं होतं ना, तसली वस्तू तिथंच शोभते.

छऱ्यांबद्दल. एलजी, एसजी हे मोठे छर्रे, काडतुसात मोजकेच असतात. लोकांना वाटतं बारा बोअर म्हणजे नुसती दिशेकडे धरली की समोरचं सगळं झाडून निघतं. तसं काही नाही. साध्या नळीत ढोबळमानाने एक यार्डाला एक इंच पसरतात, म्हणजे तुझ्या ओसरीच्या टोकापर्यंत ताटाएवढाही पसारा होत नाही. नेम धरावाच लागतो. आणि जे छर्रे चुकतात ते कुठंतरी जाऊन लागतातच, पत्र्याच्या भिंतीतून आरपार जातात, पलीकडे तुझ्या सालगड्याची खोली आहे हे विसरू नकोस.

ह्यावरून खरं कामाचं सांगतो. तुझ्या मळ्यात रात्री दोन वाजता कोण फिरतं? थ्री फेज लाईट रात्री आली की मोटर चालू करायला तुझाच गडी उठतो, कधी त्याचा पोरगा, कधी शेजारचा पाईप बघायला येतो. अंधारात हललेली पहिली सावली चोराची असण्यापेक्षा ह्यांच्यातल्या कुणाची असण्याची शक्यता जास्त. म्हणून बंदुकीच्या आधी आवारात चार मोठे लाईट लाव, ते इन्व्हर्टरवर ठेव, आणि गड्याशी ठरव की रात्री बाहेर पडताना त्याने फोन करायचा. दोन चांगली कुत्री पाळ. एवढं कर मग बंदुकीचं बोलू.

कायद्याचंही बघ. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, १ जुलै २०२४ पासून. सूर्य मावळल्यावर घर फोडून आत शिरणाऱ्याबद्दल कायदा बराच मोकळा आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा कुठेच नाही. पाठ फिरवून द्राक्षबागेतून पळणाऱ्यावर बार टाकलास तर ते संरक्षण राहत नाही, मग वकील करत बस. लग्नात, गड्ड्याच्या यात्रेला, पोरगा झाला म्हणून हवेत बार, हे तर बिलकुल नाही. बेजबाबदारपणे असा आनंदाचा बार काढून कुणाचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि रानडुकरांसाठी म्हणून मनात असेल तर ते वनखात्याच्या परवानगीचं काम आहे, वेगळा विषय.

बाकी निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायचा निरोप येऊ शकतो, त्या दिवसांत तुझ्याकडे लाईट आणि कुत्रीच असतील. लोखंडी कपाट भिंतीत बोल्ट करून घे, बंदूक त्यात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली तुझ्याकडे नि वहिनींकडे. सुट्टीत नातवंडं येतात, पोरांना बाहुलीपेक्षा बंदूक आधी सापडते.

आणि सगळ्यात आधी करायचं ते शेवटी लिहितोय, कारण तुला आवडणार नाही. तुझा मळा नान्नजचा. माळढोक अभयारण्य तिथंच. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र लायसन्स द्यायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते, आणि ज्यांच्याकडे आधीपासून बंदूक आहे त्यांनाही तिथं नोंद करावी लागते. मळ्याजवळची ती माळढोकाची पाटी तू कितीदा बघतोस ते आठव, पण अंतर अंदाजाने धरू नकोस, कारण हद्द सलग नाही, तुकड्यातुकड्यांत आहे. कलेक्टर ऑफिसात फॉर्म भरायच्या आधी तलाठ्याकडून गट नंबरचा नकाशा घे, अभयारण्याच्या हद्दीपासून आपलं शेत किती लांब ते वनखात्याकडून लिहून घे. दहाच्या आत निघालं तर अजून एक फाईल आणि बराच वेळ धर, आणि तोपर्यंत लाईटचं काम करून टाक.

नकाशा मिळाला की फोटो पाठव, पुढच्या आठवड्यात मी सोलापुरातच आहे, कागद बघून सांगतो.

तुझा,
दत्ता